किसनमामाची गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही... बायकोलाही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही.

सत्तरच्या दशकातली, कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. आमचं गाव परतूर आणि आष्टीच्या मध्ये. बायकोची, शांताची, दुसरी खेप, नववा महिना निम्मा सरलेला. तिची थोरली बहीण बाळंतपणात वेळेला गाडी मिळाली नाही म्हणून बाजेवरच गेली होती. त्यामुळे शांताची तयारी आधीपासून चाललेली – जुनी लुगडी उकळून वाळवली, नवं ब्लेड अन् दोरा गाठोड्यात बांधला. आणि शेजारच्या किसनमामांकडून शब्द घेतला, की बाळंत होईपर्यंत बैलगाडी गावाबाहेर न्यायची नाही. अडलंच तर आष्टीचा दवाखाना गाठायचा.

तीच गाडी मी कापूस विकायला परतूरला काढली. शांताला सांगितलं, दुसऱ्याची केलीय.

"सूनबाईला जबान दिलीय म्या," मामा म्हणाले.

"अजून पंधरा दिवस हायेत, मामा."

"तुला बराबर मोजता येतात रे. पोटातल्याला येत न्हाईत."

तरी आले बिचारे. दिवसभर मी त्यांच्या शेजारीच होतो. दिवस मावळता परतलो, तर घराला कडी. शेजारची गयाबाई अंगणात होती.

"मामा, आलेबी इतक्यात?" ती म्हणाली. "कशी हाय पोरगी?"

"कुठं गेले सगळे?" मी विचारलं.

"आष्टीला. पोर पायाकडून येऊन राह्यलं म्हणली सुईण. दुपारीच गेल्ते, मामाच्या गाडीत... म्याच गाठोडं वर दिलं की."

मामांच्या हातात कासरा तसाच होता. त्यांनी गाडी आष्टीकडे वळवली.

दवाखान्यात शांता खाटेवर, कुशीत मुलगी. नर्सबाई म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता, तर दोघीही हाती लागल्या नसत्या."

शांतानं डोळे उघडले. "तुम्हीच गाडी माघारी धाडली ना? मामा रस्ताभर बोलले न्हाईत. निस्ते बैल हाकीत होते."

मी मान हलवली... हो म्हणून.

मामा वारेपर्यंत त्यांनी किंवा मी तो विषय कधी काढला नाही. आता तीच मुलगी बाळंतपणाला आलीय. परवा शांता जावयाला सांगत होती, "तुमच्या सासऱ्यावानी गाडीची तजवीज आधीच करून ठेवा." मी उठून बाहेर गेलो.

ती गाडी कुणाची, मला आजही उमगलेलं नाही. मी पाठवली नव्हती, एवढं मात्र पक्कं. इथं लिहून काढलं खरं, पण शांताला वाचता येत नाही. हे तिला मला तोंडानंच सांगावं लागेल. ते अजून राहिलंय.