घंटा झाली आणि ओस्ती शेगडीवर राहिली

बहात्तरच्या दुष्काळात मी कोल्हारच्या अलीकडे सिस्टरांच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. वय एकोणीस, अक्कल त्याच्या निम्मी. मोठी दिसावी म्हणून अंबाडा घालायचे आणि तो फळ्यावर लिहिता लिहिता सुटायचा.

शाळा चालवणारा मठ बेनेडिक्टाइन सिस्टरांचा. सगळ्या म्हाताऱ्या, नवी मुलगी मठात येऊन कैक वर्षं झालेली. हातांनी कमवून खायचं हा त्यांचा नियम. चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात ती कागदासारखी पातळ भाकर, तिला ओस्ती म्हणतात. अशा ओस्त्या भाजून सिस्टर आसपासच्या चर्चना पुरवत आणि त्यावर शाळा चाले. पण आता त्यांचे हात थरथरत. ओस्त्या करपत, मोडत. चर्चवाले पुण्याहून मागवू लागले.

मग कळलं, मोठ्या मठातून फादर येणार. काम झेपत नाही असं दिसलं तर सिस्टरांना घेऊन जाणार आणि शाळेला कुलूप.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "बरं झालं. सोनईचं पाव्हणं कवाचं थांबल्यात. उरकून टाकू."

रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी एरवीही घशात अडकायची. त्या रात्री मी ती ताटातच ठेवून उठले.

फादर आले ते थेट ओस्तीच्या खोलीत. मठाच्या प्रमुख मदरनी मला पाणी भरायला तिथेच थांबवलं होतं. शेगडीवर लोखंडी साचा, दोन पाटांचा, लांब दांड्यांचा. त्यात पळीभर कालवलेलं पीठ ओतायचं आणि दाबायचं. सगळ्यांत थोरल्या सिस्टर राहुरीकडच्या. त्यांनी ओतलं ते निम्मं निखाऱ्यांवर. चर्र झालं. फादरनी वाकून निखाऱ्यांवरचं पीठ पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलले. मठात उभी राहून!

दुसरी पळी साच्यात पडली आणि प्रार्थनेची घंटा झाली. त्यांचा नियमच असा, की घंटा झाली की हातातलं काम तिथेच सोडायचं. थोरल्या सिस्टरनी पळी ठेवली आणि चालू लागल्या. मदरही निघाल्या. फादरसुद्धा!

"अहो सिस्टर, साचा शेगडीवरच हाय की! जळंल!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि गेल्या.

साच्यातून धूर यायला लागला. आपण हात लावला तर ओस्ती बाटणार की आपण, हेच मला ठरवता येईना. पण डोळ्यांपुढे आमच्या घराच्या दारातून सोनईचे पाव्हणे आत येताना दिसायला लागले, तशी पदर गुंडाळून साचा उघडला. आत कोळसा. नवी पळी ओतली, ती ओस्ती मोडली. बोटं भाजली. तिसरीही फाटली. दुष्काळात कसाबसा मिळवलेला मैदा मी मातीत घालत होते आणि तिकडे चॅपेलमधलं प्रार्थनेचं गाणं संपत आलं होतं. मग एक अख्खी सुटली. तिच्यामागून आणखी एक.

सगळे परत आले. फादरनी एक ओस्ती खिडकीच्या उजेडात धरली. "ह्या कुणी केल्या?"

कोपरापर्यंत पिठाने माखलेली मी म्हणाले, "मी न्हाई!"

"मंग काय उंदरांनी केल्या व्हय गं?" थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

फादर हसले नाहीत. त्यांनी मदरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिस्टर प्रार्थनेला गेल्यावर शेगडी सांभाळणारं कुणी असेल, तर एक वर्ष बघू. रोज येशील?"

मी मान डोलावली आणि परसात जाऊन ओकले. आनंदाने झालं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. आनंद कसला! शाळा टिकणार की नाही हे माझ्यासारख्या वेंधळीवर टाकून फादर जेवायला गेले होते, आणि उद्याचं पीठ कालवायला किती पाणी लागतं तेही मला ठाऊक नव्हतं.