रॅकेटने भाजलेला डास कोणता?

"व्हायवॅक्स मलेरिया," रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. मला हायसंच वाटलं. दात वाजवणाऱ्या त्या तापाला निदान नाव तरी मिळालं. व्हायवॅक्स म्हणजे मलेरियाचा असा जंतू, जो यकृतात दडून बसतो आणि पुन्हा ताप आणू शकतो. म्हणून गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा. करू की!

मग मी सहज म्हटलं, "पुढच्या महिन्यात लेक येतेय. पहिलं बाळंतपण."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गरोदरपणात मलेरिया आई आणि बाळ, दोघांनाही धोक्याचा. डास कुठून येतात ते कळून बंदोबस्त होईपर्यंत तिला आणू नका."

इथे मात्र माझा धीर सुटला. श्वेता सांगलीला, सासरी. 'इतक्यात येऊ नकोस' हे मी तिला कसंबसं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बरं." फोन ठेवून मी रडले.

आमच्या जुईनगरच्या सोसायटीचं मत ठाम होतं: डास मागच्या नाल्यातले. नाल्यावर धूर मारून झाला, तरी आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी दोघं आडवे झाले. तेव्हा एका कॉलेजची संशोधक मुलगी डास गोळा करायला आली. आमच्या ह्यांनी मोठ्या अभिमानाने रॅकेटने मारलेले डास डबीत घालून तिच्यापुढे धरले.

"काका, पंख-पाय जळलेत. भिंगाखाली जात ओळखणं कठीण आहे," ती हसली. "पण डीएनए निघतो का बघू."

ही तपासणी म्हणजे पीसीआर. डासातल्या डीएनएच्या एका तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या, मग तो तुकडा वाचून माहीत असलेल्या जातींशी ताडून बघायचा. माझं रक्त तपासलं तसा डासही तपासणार, याची मला गंमत वाटली.

रिपोर्टची वाट बघणं माझ्या तापापेक्षा लांबलं. शेवटी ती मुलगी रिपोर्ट घेऊन आली. बरेचसे डास नाल्यातले साधे निघाले, पण काही अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी, म्हणजे शहरातला मलेरियाचा डास. तो गटारात नाही, टाकीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

"आपली टाकी? अहो, ते पाणी आपण पितो!" चेअरमन उखडले.

"मग तर बघायलाच पायजे," मी म्हटलं.

"काकी, तुमी खाली थांबा, अजून वीकनेस हाय," वॉचमन म्हणाला. मी कसली थांबते! ताप मला आला होता.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण तडकलेलं होतं. टॉर्च मारला, तर पाण्यावर अळ्या आडव्या पसरलेल्या. चेअरमननी लगेच माणसं बोलावली. टाकी उपसली, घासली, नवं झाकण घट्ट बसवलं.

तुमच्याकडे मलेरिया आला, तर नुसता गटाराला बोल लावू नका, वर चढून बघा. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

तिने पुन्हा येऊन टाकी आणि घरं तपासली. तो डास सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "मच्छरदाणी लावा, आणा मुलीला."

मी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"ये," म्हटलं.