एक पेड तुटला

“गोणीला खाज सुटत न्हाय, मुकादम. ती गपगार लोंबकळते. मानूस हालतो. डोलवा तिला!”

“आरं, दोन मानसांच्या वजनाची वाळू भरली तुज्याच सांगन्यावरनं. घटका झाली टांगून. दोर कुरकुरला तरी काय?” बत्तीच्या मनोऱ्याच्या सज्जात मुकादम बाबाजी कठड्याला रेलून उभा होता. “म्हातारी ती म्हातारीच!”

खाली साठ हातांवर काळा कातळ आणि त्यावर फुटणारी लाट.

डोलवा म्हणणारा अंबाजी माळी दोराकडं बघत होता. नांदगावच्या वाड्यांत पोफळींवर वाढलेला माणूस तो. एका शेंड्याला झोका देऊन दुसरा शेंडा धरायचा. पण एका देवळाच्या शिखराला चुना लावताना दोर तुटला, डावं मनगट वाकडं बसलं. तेव्हापासून दुसऱ्याचा दोर पेड फाकवून पाहिल्याशिवाय तो कमरेला लावत नसे. लोक त्याला म्हातारी म्हणत.

छप्पनच्या सालचा चैत्र. परवा साहेबाची लाँच येणार, तोवर मनोरा पांढरा व्हायला हवा. मुकादमाचा काथ्याचा दोर गेल्या वर्षी चुन्याच्याच कामावर होता. सकाळी अंबाजीनं शिंगाच्या टोकानं तो उकलला. वरून तांबूस, आत पांढरी भुकटी. चुना काथ्याला आतून खातो.

“ह्यावर मी उतरनार न्हाय,” तो म्हणाला होता.

“मंग मी उतरतो,” म्हणून भागोजी पुढं झाला होता. अंबाजीच्या बायकोचा, राहीचा, हा पाठचा भाऊ. मनोऱ्यावरची त्याची पहिलीच खेप. बसायची फळी काखेत मारून तो केव्हाचा तयार होता.

“भावजी, आक्कानं सांगितलं व्हय, मला खाली सोडू नको म्हनून?”

“तिनं काय बी सांगितलं न्हाय. तुज्यामागं तिला सांगायचं काम माज्यावर येल.”

भागोजीचं तोंड उतरलं. फळी मात्र त्यानं सोडली नाही.

“डोलवा रं, ह्याची हौस फिटू दे,” मुकादम गड्यांना म्हणाला.

गोणी डोलू लागली. दर हेलकाव्याला दोर सज्जाच्या दगडी कडेवर घासू लागला. मुकादम चिडवत मोजायला लागला. दहा. पंधरा. अंबाजीचं लक्ष कडेवर. सोळा. सतरा.

टप्प.

तिनांतला एक पेड तुटून वर उसळला. गोणी गर्रकन फिरली आणि तशीच लोंबकळत राहिली.

“दोन हाईत अजून! पडली काय गोणी?” मुकादम ओरडला, पण कठड्यापासून तो एक पाऊल मागं सरकला होता.

अंबाजी भागोजीकडे बघत राहिला. आता बोललो तर हा हट्टानं उतरेल, हे त्याला ठाऊक होतं. वारा कानात घोंघावत होता. भागोजी खाली वाकला, तुटलेला पेड बोटांत धरून चोळला. हातावर पीठ उरलं.

“मी न्हाय उतरत, मुकादम,” तो म्हणाला आणि फळी खाली ठेवली.

“मंग साहेबाला काय दावू? माजं थोबाड?”

“वरचा अर्धा मनोरा दावा,” अंबाजी म्हणाला. “माजा दोर तीस हातच हाय. खालचा अर्धा बांबूची परांची बांधून करू. चार दिस जास्ती जातील.”

मुकादमानं दोघांच्या सात पिढ्या काढल्या. पण उतरणारं दुसरं कोणी नव्हतंच.

अंबाजीनं गोणपाट दुहेरी करून कडेवर अंथरलं. आपल्या दोराचा विळखा बत्तीच्या खालच्या लोखंडी खांबाला घालून मोकळं टोक भागोजीच्या हातात दिलं, जोडीचा दुसरा दोर दाराच्या कड्याला बांधला. कठड्याचा त्याला भरवसा नव्हता.

“वाऱ्यात हाक ऐकू येनार न्हाय. येक हिसका, थांब. दोन, वर घे. माज्याकडं न्हाय, दोराकडं बघायचं.”

“व्हय.”

“काय सांगितलं?”

“येक थांब, दोन वर. दोराकडं बघायचं.”

अंबाजी कठडा ओलांडून फळीवर बसला, पाच हात खाली गेला आणि एक हिसका दिला. दोर जागच्या जागी थांबला. त्यानं कुंचा चुन्यात बुडवला.