तहसीन आपांचा एकमेव नायिकापट

तहसीन आपा कुणाच्याही घरात शिरल्या की आधी प्रकाश कुठून येतो ते पाहत आणि मगच बसायची जागा निवडत. हॉलंडमधल्या बेस्ट या गावी माझ्या घरी त्या प्रथम आल्या तेव्हा मी सोफा आवरला. त्या मात्र खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "कॅमेरेवाले जल्दबाज होते हैं, बेटा. रोशनी खुद ढूँढनी पडती है." मी प्रकाशशास्त्रात संशोधन करते. अशी शेजारीण मला आवडली नसती तरच नवल.

लाहोरच्या स्टुडिओंत आपांची कारकीर्द गेली ती मैत्रिणीच्या भूमिकांत. नायिकेची चिठ्ठी पोचवायची आणि शेवटच्या रिळात लग्नाच्या गर्दीत दिसेनासे व्हायचे. "हिरोईन रोती थी, मैं रुमाल देती थी. यही मेरी फनकारी," असे त्या सांगत. अखेर एका चित्रपटात त्या स्वतः नायिका झाल्या. चित्रीकरण संपताच लग्न झाले आणि बल्बच्या कारखान्यात काम करणाऱ्या नवऱ्यामागून त्या हॉलंडला आल्या. तो चित्रपट त्यांना पाहायला मिळालाच नाही. पुढे त्याच्या आणि आधीच्या चित्रपटांच्या प्रतीही नष्ट झाल्या. इथे वाढलेल्या नातवंडांना आजीचे नटीपण ही गमतीची थाप वाटे. आपांचे मागणे एकच होते: "एक बार खुद को बोलते हुए देख लूँ."

मी पद्धतशीर शोध सुरू केला. पुष्कळ नकारांनंतर लाहोरच्या एका संग्राहकाने जुन्या कॅसेटवरून उतरवलेले एक दृश्य पाठवले. नदीकाठी एक तरुणी नायकाला म्हणते, "जाइए, मैं रोकूँगी नहीं." आपांनी ते पुन्हा लावायला सांगितले. मग शांतपणे म्हणाल्या, "चेहरा मेरा है. आवाज किसी और की."

कारण त्यांनीच उलगडले. मैत्रिणीची दृश्ये स्टुडिओच्या आत होत आणि आवाज जागीच घेतला जाई. बाहेरचे चित्रीकरण नायिका झाल्यावरच वाट्याला आले. नदीकाठीही माईक होता, म्हणून तोच आवाज राहील असे त्यांनी गृहीत धरले. पण बाहेर घेतलेला आवाज केवळ अंदाजापुरता असतो. खरे संवाद मागाहून भरतात. ते भरायची वेळ आली तेव्हा आपा हॉलंडमध्ये होत्या.

"पण आपा, ओठ तर तुमचेच आहेत," मी हिंदीतून समजूत घातली.

"ओठ तो मछली के भी होते हैं, बेटा."

मी चित्राचा आवाज बंद केला आणि फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केले. "आता तुम्हीच बोला."

पहिल्या खेपेस शब्द ओठांच्या मागे पडले. मी म्हटले, जवळजवळ जमले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्हारी लॅब में चलता है, जवळजवळ?" माझ्याकडून उचललेला तो शब्द त्यांनी मलाच ऐकवला. चहा निवला, तरी त्या बोलतच राहिल्या, आणि एका क्षणी विशीतले ओठ व सत्तरीतला घोगरा आवाज नेमके एकत्र आले.

मी दोन्ही जोडून त्यांना दाखवले. त्या स्वतःला बोलताना पाहत होत्या. "ठीक है," त्या म्हणाल्या. "पर ये तो बूढी बोल रही है. स्टुडिओ के अंदर वाले सीन ढूँढो. उनमें वो लडकी खुद बोलती है."

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. स्टुडिओतली ती दृश्ये मी अजून शोधते आहे. विशीतल्या तहसीन आपा कशा बोलत, हे ऐकायला आसुसलेली आता मी एकटीच उरले आहे.