छान म्हणायचा रियाज

माझी मावशी गाणं शिकवायची असं लोक म्हणतात. खरं तर ती फक्त 'आ' शिकवायची. मी तिच्याकडे दीड वर्ष जात होते आणि त्या दीड वर्षात एकही गाणं शिकले नाही. हातात आरसा, दातांमध्ये उभी धरलेली दोन बोटं आणि समोर मावशी. "जीभ खाली. घसा मोकळा. हा नाकातून आला, परत घे." सगळा मजला तिला आकारमावशी म्हणायचा. तिच्या तोंडची शाबासकी म्हणजे उंबराचं फूल.

काका वजनकाटे दुरुस्त करायचे. संध्याकाळी आतल्या खोलीत एखादा काटा उघडून बसत आणि तासभर आमचे आ ऐकून झाले की ओरडत, "पुरे!" मावशी मागे वळूनही बघायची नाही. आम्हाला म्हणायची, "ऐकलंत? असा नाकातला उकार कधी काढायचा नाही." पस्तीस वर्षांच्या संसारात दोघांचं गाण्यावर झालेलं बोलणं एवढंच.

मग एका सकाळी काकांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. बोलणं शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. जो आवाज निघेल त्याला शाबासकी द्या. धीर सुटला तर माणूस कायमचा गप्प होतो."

काकांनी सगळा जीव एकवटला. "अँ."

"छान!" बाई म्हणाल्या.

"छान कसलं? सगळा नाकातून आहे," मावशी म्हणाली.

बाई गेल्यावर तिने आपली शिकवणी सुरू केली. आरसा धरला, काकांच्या तोंडात दोन बोटं घातली. काका कडकडून चावले. "जबड्यात जोर आहे," मावशी समाधानाने म्हणाली. आठवडाभरात काका तिला बघताच ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करू लागले. बाईंसमोरही आवाज काढेनात.

मला संताप आला. "अगं, ते तुझे शिष्य नाहीत! अशाने ते कधीच बोलायचे नाहीत."

मावशी ओट्याशी टेकून उभी राहिली. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "कळतं गं मला," ती म्हणाली. "पण चांगलं म्हणायला माझी जीभच उचलत नाही. काय म्हणतात अशा वेळी?"

"नुसतं छान म्हण."

मग तिने चक्क रियाज केला. भाजी चिरता चिरता. "छान. छाऽन." मध्येच थांबून म्हणाली, "आ जरा मागे जातोय का?" मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी खूप विनवण्यांनंतर काकांनी एकदाचं "अँ" केलं.

"छान," मावशी म्हणाली. आकार निर्दोष.

काकांनी खोलीत आणखी कोणी आलंय का ते पाहिलं. मग पुन्हा "अँ" केलं. पुन्हा "छान". हे रोज चाललं, एका बैठकीला तीस-चाळीस वेळा. कान किटले माझे, पण काका आता तिची वाट बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात, अशाच विसाव्या की पंचविसाव्या छानला, काकांचे ओठ वाकडेतिकडे पुढे आले.

"पुं... रें."

उकार पहिल्यासारखाच, पुरता नाकात. सवयीने मावशीची दोन बोटं वर आली. ती बोटं तिने स्वतःच्याच ओठांवर दाबून धरली. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"छान," ती कशीबशी म्हणाली. रडण्याने नाक गच्च भरलेलं, त्यामुळे आ सगळा नाकातून आला.

काकांनी डावा हात सावकाश उचलला आणि आपल्या नाकाला बोट लावून दाखवलं.