शेजाऱ्याचा झाडू

इथे परदेशात, मनुरेवा नावाच्या उपनगरात, आमच्या शेजारी राहणारा तो हार्ट पेशंट. नोकरी सुटलेली, औषधपाणी सरकारी. सकाळी जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून पायरीवर चहा पीत बसायचा. मी कामाला निघाले की कप उंचावून माओरीतला नमस्कार ठोकत ओरडायचा, "किया ओरा, नेबर! टेक इट ईझी!"

गेल्या महिन्यात आमच्या बार्बेक्यूत इलेक्शनवरून वाद पेटला. नवरा इंग्रजीतून मोठ्यांदा म्हणाला, "आधी काम करा, मग फुकट औषधं मागा!" सगळे हसले, मीसुद्धा. कुंपणापलीकडे पायरीवर तो बसला होता.

आता मी दिसले की तो कप खाली ठेवतो आणि झाडू घेऊन स्वच्छच असलेलं अंगण झाडायला लागतो. मी घाईघाईनं गाडी काढते. वळणापर्यंत आरशात तो झाडतानाच दिसतो, दम खायलाही बसत नाही.