टाळीनंतरचा तुकडा

विकास नगरात आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे साताऱ्याचे, एअर फोर्समधून निवृत्त झालेले, एकटे. दर रविवारी सकाळी ते एकच रेकॉर्ड लावतात, व्हायोलिनची. मैफल संपल्यावर लोक वादकाला उठू देत नाहीत, तेव्हा तो जे छोटे, चपळ तुकडे वाजवतो, तेवढेच तिच्यावर आहेत.

एक तुकडा संपला की काका सुई उचलतात, रिकाम्या खोलीत कडकडून टाळ्या वाजवतात आणि मगच सुई पुढे ठेवतात. मला हसू यायचं. एकदा जिन्यात विचारलंच, तर चिडले. "अरे यार, हे तुकडे कुणी उगाच वाजवतं होय? टाळी न देता पुढचं ऐकायचं म्हणजे चोरीच की!"

या हिवाळ्यात त्यांचा डावा हात लुळा पडला. दवाखान्यातून आल्यावरच्या पहिल्याच रविवारी वर रेकॉर्ड लागली. पहिला तुकडा संपला आणि मग काहीच नाही. माझी मेथी निवडून झाली तरी वर शांतच. मग लक्षात आलं, काका टाळीसाठी थांबले होते.

मी वर गेले. दार उघडं होतं. रेकॉर्ड फिरत होती, सुई अधांतरी. मी दारातूनच टाळ्या वाजवल्या.

"एवढ्याशा टाळीवर वाजवेल होय तो?" काका पाठमोरेच म्हणाले.

मी हात दुखेपर्यंत वाजवल्या, तेव्हा कुठे सुई खाली आली.